उंबऱ्यातली खोटी नाणी

१

अशरफी खोटी निघाली ती माझ्या दुकानात, माझ्या हातात, आणि तीही ऐन गिऱ्हाइकासमोर.

मी रत्नम्मा. नांदेडला जुन्या नाण्यांचा व्यापार करते. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, बाईमाणसाला हे जमायचं नाही. ते लोक आता घरातली जुनी नाणी माझ्याकडेच विकायला आणतात, आणि मी त्यांना बाजारभावापेक्षा एक पैसा जास्त देत नाही.

ती अशरफी म्हणजे निजामाच्या काळातली सोन्याची मोहोर, लातूरहून आली होती. लातूरच्या गंजगोलाईत, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेत, माझे थोरले भाऊ गुरुपादप्पा यांचं दुकान आहे; मी त्यांना अण्णा म्हणते. लातूरला मोठं गिऱ्हाईक मिळालं नाही की नाणं माझ्याकडे येतं. आणून देणारे निजामोद्दीन, अण्णांचे भागीदार. माझं लग्न व्हायच्या आधीपासून दोघं एका गादीवर बसत आलेत. मी त्यांना निजामभाई म्हणते, ते अण्णांना आप्पा. ते सकाळच्या एसटीने आले, डबी माझ्यासमोर ठेवली आणि पंख्याखाली घाम पुसत बसले.

गिऱ्हाईक होते आमच्या नांदेडचे एक डॉक्टर. पैसे घेऊनच आले होते. मी म्हटलं, "डॉक्टर, घाई करू नका. आधी पाण्यातलं वजन."

हे वजन सोपं असतं. नाणं दोऱ्याने काट्याला टांगायचं, एकदा हवेत तोलायचं, एकदा पाण्यात बुडवून. पाण्यात गेलं की प्रत्येक धातू हलका होतो, पण सोनं अगदी थोडं, तांबं बरंच जास्त. कसोटीचा दगड फक्त वरची कातडी तपासतो. पाणी पोटातलं बाहेर काढतं.

मोहोर पेल्यात सोडली आणि काटा भलताच वर गेला. मी भिंग लावलं. अक्षरांच्या खाचांत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसले. ही टाकसाळीत ठोकलेली नव्हती, साच्यात ओतलेली होती. आत तांबं, वर सोन्याचा जाड मुलामा. एका खाचेत लाल कण अडकला होता. कुणाच्या तरी लक्ष्मीपूजनाचं कुंकू असेल, असं मनात म्हणून मी भिंग खाली ठेवलं.

"खोटी आहे," मी म्हटलं. डॉक्टरांनी पैशांची पिशवी पुन्हा काखेत मारली आणि चहाला न थांबता गेले.

निजामभाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता. "आक्का, असं कसं होईल? आप्पांनी स्वतः घेतलेली हाय ती."

मी लातूरला ट्रंककॉल लावला. अण्णांनी ऐकून घेतलं. मग त्यांचा आवाज आला, आणि तो त्या चोंग्यातून निजामभाईंनाही स्पष्ट ऐकू गेला.

"माझी अशरफी खरी होती. निजामनं वाटंत बदलली."

२

मला राग आला तो स्वतःचा. नाण्याला खोटं म्हटलं मी, आणि खोटा ठरला माणूस.

आमच्या धंद्यात कागद थोडा आणि शब्द फार. ज्याच्या हाती तुम्ही सोनं देऊन एसटीत बसवता, त्याच्या नावाला एकदा डाग लागला तर त्याच्या हातावर पुन्हा कुणी तांब्याचा पैसाही ठेवत नाही. निजामभाईंच्या डोक्यावरचे केस पांढरे झाले होते. या वयात नवं नाव कुठून मिळवणार?

"मी जाऊन त्यांच्या पायावर हात ठेवून कसम खाईन," ते म्हणाले.

"काही गरज नाही. कसम खाणाऱ्यावर लोकांचा आणखी संशय येतो. उद्या दोघं मिळून जाऊ. चोर कोण ते मी शोधते."

"आणि न्हाई सापडला तर?"

"सापडेल," मी म्हटलं. मला तेव्हा काही एक माहीत नव्हतं, पण आवाज मी मोठा ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मोहोर पदराच्या गाठीला बांधून मी एसटीत बसले. लातूर वेगळा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता, आणि त्या पाट्यांखाली घागरींच्या रांगा होत्या. सलग दुसऱ्या वर्षी पावसाने तोंड फिरवलं होतं. टँकर यायचा तेव्हा साहेबाच्या शिपायापासून सावकाराच्या सुनेपर्यंत सगळे एकाच रांगेत दिसायचे. दुष्काळाने एवढी एक समता आणली होती.

अण्णांच्या दुकानाचा उंबरा सगळ्या मराठवाड्यातल्या नाणेवाल्यांना माहीत आहे. अण्णा ज्या ज्या नाण्याला फसले, ते प्रत्येक नाणं त्यांनी त्या सागवानी उंबऱ्यावर खिळा मारून ठोकलंय. निजामी चलनातले खोटे हाली रुपये, घासून हलके केलेले पैसे, चांदीच्या नावाखाली आलेलं कथील. रोज सकाळी त्यांच्यावर पाय देऊन अण्णा आत जातात. "तोटा पायाखाली ठेवावा, म्हणजे तो डोक्यावर बसत न्हाई," असं म्हणतात. या उंबऱ्यावरच मी धंदा शिकले.

शेवटचा खिळा बहात्तरच्या दुष्काळातला. तेव्हा एका गोडबोल्याने बघता बघता अण्णांच्या हातातला खरा रुपया उचलून खोटा ठेवला होता. तेव्हापासून अण्णांनी नवी रीत पाडली. मोलाचं नाणं घेतलं की त्याच दिवशी लाखेच्या गरम वडीवर त्याचा ठसा घ्यायचा. पुढे कुणी बदलाबदली केली तर नाणं ठशाशी ताडून बघायचं. त्यानंतर उंबऱ्याला खिळा लागला नव्हता. नव्या जिल्ह्याचे साहेबलोक जीप थांबवून तो उंबरा बघायला यायचे, आणि अण्णा त्यांना सांगायचे, "बहात्तरपासून एक बी न्हाई."

त्या उंबऱ्यावर आम्ही पाय ठेवला, तसे अण्णा गादीवरून उठले. माझ्याकडे बघितलं नाही. निजामभाईंना म्हणाले, "बाहेर थांब. आत येऊ नको."

निजामभाई जिथे होते तिथेच थांबले. तिथूनच म्हणाले, "आप्पा, एकच मागतो. ठसा काढा. ह्या नाण्याशी जुळवून बघा. दूध का दूध, पानी का पानी."

अण्णा भिंतीकडे बघून म्हणाले, "या येळंला ठसा घेतला न्हाई."

३

चौकशीची माझी पद्धत एकच. तू कुठे होतास, काय केलंस, हे मी विचारत नाही. त्याची उत्तरं सगळ्यांची तयार असतात. मी विचारते, तुझा शेवटचा तोटा सांग. एकदा भाजलेला माणूस त्याच चुलीत पुन्हा हात घालत नाही. कोण कशाला भाजलाय ते कळलं की कोण काय करणार नाही ते कळतं.

मोहोर घेतल्यापासून ती तिघांच्या हाताखालून गेली होती. निजामभाई, अण्णांचे जावई मलप्पा, आणि उदगीरचे शिवलिंग सर. हे सर कॉलेजात शिकवतात आणि नाणी जमवतात.

आधी जावईबापूंना गाठलं. मलप्पा दुकानात मदतीला बसायचे आणि त्यांच्या दारात नवी कोरी लुना उभी होती. माझा डोळा तिच्यावर गेलेला त्यांनी बघितला.

"टँकरच्या धंद्यात भागी हाय माझी, आत्या," ते खो खो हसत म्हणाले. "देवानं पाऊस न्हाई दिला, पर लुना दिली."

"तुमचा शेवटचा तोटा सांगा."

हसू मावळलं. "गेल्या साली. पैठणच्या एका माणसाकडून मामांना न विचारता थैलीभर नाणी वजनावर घेतली. अर्धी निव्वळ भंगार. मामा म्हणाले, घे खिळे आन् ठोक तुझ्या घरच्या उंबऱ्याला. ठोकले. बायको रोज त्याच्यावर ठेचकाळते आन् रोज मला शिव्या देते. तवापासून मामांच्या नाण्याला मी बोट लावत न्हाई. डबी बी त्येच उघडतेत, त्येच बंद करतेत."

"मोहोर घेतली त्या दिवशी दुकानात कोण होतं?"

"मामा एकटेच. निजामचाचा माहूरला गेलते, जत्रंतली नाणी बघायला. मी टँकरमागं. टँकर बी त्या आठवड्यात आलाच न्हाई की. आख्ख्या गोलाईत प्यायला पाणी न्हवतं."

शिवलिंग सर दुपारी स्वतःच आले. निजामभाईंवर आळ आल्याचं उदगीरपर्यंत पोचलं होतं. त्यांनी इस्त्रीच्या सदऱ्याची बाही सारखी करत करत सांगितलं, "रत्नम्माबाई, ती अशरफी विकणारा आधी माझ्याकडं आला होता. कंधारच्या कुठल्या जुन्या घराण्यातली म्हणून सांगत होता."

"मग तुम्ही का सोडलीत?"

"माझा तोटा सांगू? एकदा असाच एक जण घाईत होता. गाडी सुटते म्हणून मला घड्याळ दाखवत होता. मी न तपासता पैसे मोजले, आणि घरी आल्यावर तोंड लपवायची वेळ आली. तेव्हापासून विकणारा घाईत दिसला की मी दार लावून घेतो. हाही घाईत होता. मी तपासायला दोन दिवस मागितले, तर तो उठलाच. मला सांगून गेला की गुरुपादप्पा आत्ताच्या आत्ता घेतील."

"अण्णांना हे तुम्ही बोललात?"

"त्यांनी घेतल्यावर बघायला आलो होतो. ते म्हणाले, काय मास्तर, चुकली ना संधी? सगळे हसले. मग मी काय बोलणार? बहात्तरपासून न फसलेल्या माणसाला मी शिकवायचं?"

मग मी दुकानामागच्या घरात गेले. शांतम्मावहिनींनी माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. पेला पाऊण भरला होता, आणि त्या दिवसांत तेवढं पाणी म्हणजे मोठाच मान होता. वहिनींचे डोळे सुजले होते.

"ह्येंनी कालपासनं जेवण टाकलंय," त्या म्हणाल्या. "निजाम भावजींच्या घरून ईदला शीरखुर्मा आल्याबिगर ह्येंची ईद होत न्हवती. आन् आता त्येंनाच चोर म्हणतेत. मला तर कायबी कळंना."

माझं लक्ष कोनाड्याकडे होतं. तिथे पाण्यातल्या वजनाचा काटा झाकून ठेवलेला होता. शेजारी काचेचा पेला पालथा. मी बोट फिरवलं, तर बुडाला धुळीचा थर.

"हा काटा कधीचा खाली काढला नाही, वहिनी?"

"चांगलं सवच्छ पाणी लागतंय त्येला. प्यायला न्हाई तर काट्याला कुठलं? ह्या उन्हाळ्यात हातच लावला न्हाई त्येंनी."

मी पदराची गाठ सोडली. मोहोर काढली, पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून त्या लाल कणावर घासलं. पुन्हा घासलं. कुंकू असतं तर बोट लाल झालं असतं.

माझं बोट कोरं होतं. ते कुंकू नव्हतंच.

४

ते काय असावं हे त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं, आणि खरं सांगते, येऊ नये असं वाटलं. चोर मिळावा म्हणून मी एवढी तडफडत होते. कुणीही चाललं असतं. लुनावाला जावई चालला असता, उदगीरचा मास्तर चालला असता.

पण दारात निजामभाई उन्हात उभे होते. कुणी बसा म्हटलं नव्हतं, म्हणून बसले नव्हते. त्यांच्याकडे बघितलं आणि माझा निश्चय झाला. भाऊ असला म्हणून काय झालं?

मी दुकानात जाऊन गादीसमोर बसले. मलप्पा आणि शिवलिंग सर कडेला उभे राहिले. निजामभाईंना मी आत बोलावलं. अण्णांनी त्यांना अडवलं नाही.

"वहिनी, निरांजन आणा," मी हाक मारली.

निरांजन आलं. मी सुईच्या टोकाने तो लाल कण खाचेतून उकरला आणि ज्योतीजवळ धरला. कण मऊ झाला, सुईवर ताणला गेला, त्याची तार निघाली. ओळखीचा वास सुटला.

"लाख," शिवलिंग सर म्हणाले.

"लाख. आता ऐका, आणि कुठे चुकले तर मला थांबवा. या दुकानात नाणं लाखेला एकदाच लागतं, घेतल्याच्या दिवशी, ठसा घेताना. चोराने वाटेत बदलून ठेवलेली मोहोर लाखेला कधी लागेल? तिचा ठसा कोण घेणार? पण ही लाखेला लागलेली आहे. म्हणजे अण्णांनी विकत घेतली ती हीच."

मलप्पा म्हणाले, "आत्या, त्या ठशावरूनच कुणी खोटी ओतली असंल तर?"

"तापलेला रस लाखेवर ओता, लाख जळून जाईल. अशी मऊ, ताजी राहील होय?"

मी पुढे बोलत राहिले, कारण थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"निजामभाई माहूरला होते. घेताना अण्णा एकटे. विकणारा घाईत, आणि मास्तर घेतील ही धास्ती. कसोटीला सोन्याचा कस लागला. बुडबुडे भिंगाशिवाय दिसत नाहीत, आणि शांतपणे भिंग लावून बसायला त्या माणसाने सवड दिली नाही. राहिलं पाण्यातलं वजन. अण्णांनी आयुष्यात ते कधी टाळलं नसतं, पण त्या आठवड्यात लातूरला घोटभर पाणी नव्हतं. काट्याच्या पेल्यावर धूळ साचली आहे. नांदेडला माझ्यापुढे गोदावरी वाहते, म्हणून मला कळलं. अण्णांच्या जागी मी असते तर मीही फसले असते."

"ठसा घेतला न्हाई, असं सांगितलंय मी," अण्णा म्हणाले.

"तिथेच तुम्ही सापडलात, अण्णा. बहात्तरला त्या एका रुपयाने तुम्हाला जे शिकवलं, ते तुम्ही इतक्या मोलाच्या मोहोरेला विसराल? इथे प्रत्येक जण आपापल्या तोट्यातून शिकला. मास्तर घाईला घाबरायला शिकले. जावईबापू तुमच्या डबीला हात न लावायला शिकले. एकटे तुम्हीच कसे विसरलात? ठसा तुम्ही घेतलात. माझा फोन आला तेव्हा तुम्हाला खरंच वाटलं असेल की बदलली. पण नंतर ठसा भिंगाखाली धरलात, आणि त्यातही हेच बुडबुडे उमटलेले दिसले. कालपासून अन्न गेलं नाही ते त्यामुळे."

रस्त्यावर टँकर आल्याचा गलका झाला. घागरी खणखणल्या.

अण्णांनी सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि लाखेची लाल वडी काढून गादीवर ठेवली. शिवलिंग सरांनी भिंग घेतलं. बघितलं, होकारार्थी मान हलवली आणि भिंग परत ठेवून दिलं.

"फोडायला घेतली होती," अण्णा म्हणाले. "हातोडी उचलली बी. फोडता आली न्हाई. रत्ने, चोरी झाली म्हटलं तर लोक हळहळतेत. फसला म्हटलं तर हसतेत. नवे साहेब येतेत, उंबरा बघतेत, विचारतेत... मला त्यो खिळा ठोकवंना. या वयात न्हाई ठोकवला."

"खिळा ठोकवेना, म्हणून भागीदार ठोकलात," मी म्हटलं. मला रडू येत होतं, आणि त्याचा आणखी राग येत होता.

५

अण्णा उठले. कोनाड्यातून खिळा आणि हातोडी काढली, मोहोर उचलली आणि उंबऱ्यापाशी बसले. गुडघे वाजले. बहात्तरच्या रुपयाशेजारी त्यांनी मोहोर ठेवली. खिळा वर धरला.

"आप्पा, थांबा," निजामभाई म्हणाले. "नाण्याचा खिळा हितं ठोकाल. मला चोर म्हणालात, त्याचा खिळा कुठं ठोकणार? ते तर आख्ख्या गोलाईत फिरून राहिलंय."

अण्णांचा हात तसाच वर राहिला. मग त्यांनी हातोडी खाली ठेवली. टोपी घातली, चपला पायात सरकवल्या आणि रस्त्यावर उतरले.

पहिलं दुकान शेजारच्या कापडवाल्याचं होतं. अण्णा त्याच्या पायरीशी उभे राहून म्हणाले, "निजामनं काय चोरलं न्हाई. अशरफी खोटीच होती. मी फसलो." कापडवाला उठून उभा राहिला. अण्णा पुढच्या दुकानाकडे वळले. तिथेही तेच बोलले. त्याच्या पुढच्याही. मी चार पावलं मागे चालत होते. गंजगोलाई गोल आहे, आणि अण्णांनी एकही दुकान वगळलं नाही. भुसारवाला, भांडीवाली साखराबाई, चहाच्या गाड्यावरचे लोक, सगळीकडे तीच तीन वाक्यं. एक पोरगेलासा कारकून हसला. अण्णा त्याच्यासमोर थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग तो हसला नाही. टँकरच्या रांगेपाशी आवाज पोचेना, तर घसा खाकरून मोठ्याने बोलले. एका बाईने आपल्या घागरीतलं ओंजळभर पाणी त्यांच्या हातावर घातलं. ते प्याले आणि पुढे गेले.

लहानपणी या भावाच्या हुशारीचा मला फार अभिमान होता. त्या दिवशी जो वाटला तो निराळाच, आणि मोठा.

गोल पुरा करून आम्ही परत आलो, तेव्हा दुकानासमोर एक जीप उभी होती. नव्या कचेरीतले कुणी साहेब उंबऱ्यावर वाकले होते. निजामभाई गादीवर आपल्या नेहमीच्या जागी बसले होते, हातोडी मांडीशी. मोहोर बहात्तरच्या रुपयाशेजारी ठोकलेली होती. निजामभाईंना हातोडीची सवय नाही. खिळा जरा तिरका बसला होता.

साहेबांनी त्या नव्या पिवळ्या नाण्यावर बोट ठेवलं. "अरे, हे सोन्याचं दिसतं. हा तोटा कुणाचा?"

अण्णा उत्तर द्यायला पुढे झाले. त्यांच्या आधी निजामभाई बोलले.

"आमचा, साहेब. दोघांचा."